कप्तानाविना जहाज वळतं कसं, आणि अडतं कुठे

समोरचं जहाज आपल्यावर येणार की नाही, हे ओळखायची दर्यावर्दींची रीत जुनी आहे. होकायंत्रावरून त्या जहाजाची दिशा घ्यायची, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायची. दिशा सरकत असेल तर ते सहसा पुढून किंवा मागून निघून जातं. दिशा जागची हलत नाही आणि अंतर मात्र घटतंय, तर दोघंही आहेत तसेच जात राहिल्यास टक्कर होणार. हे गणित आपोआप करणारे रडार गेली कित्येक दशकं साध्या मालवाहू जहाजांवरही आहेत. सध्याचं संशोधन चाललंय ते त्याच्या पुढच्या पायरीवर: धोका कळल्यावर काय करायचं, हे यंत्रानंच ठरवायचं आणि सुकाणूही यंत्रानंच फिरवायचं.

या गणितातून दोन आकडे निघतात. दोन जहाजं एकमेकांच्या कमीत कमी किती अंतरावरून जातील तो सीपीए, आणि त्या क्षणाला किती वेळ उरला तो टीसीपीए. समजा, आपलं जहाज १५ नॉटनी, म्हणजे ताशी १५ सागरी मैलांनी, सरळ उत्तरेला चाललंय. उजव्या हाताला ४५ अंशांवर, ६ मैलांवर दुसरं जहाज दिसतं. तेही १५ नॉटनीच चाललंय, पण पश्चिमेला. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे मधे ११ किलोमीटर मोकळं पाणी. नुसत्या डोळ्यांना यात घाबरण्यासारखं काही वाटत नाही. गणित सांगतं: सीपीए शून्य, टीसीपीए १७ मिनिटं.

दोन इंजिनाची जहाजं एकमेकांना आडवी जात असतील, तर ज्याला दुसरं जहाज आपल्या उजव्या बाजूला दिसतं त्यानं वाट द्यायची, असा नियम आहे. इथे वाट आपण द्यायची. उजवीकडे वळून त्याच्या मागून जायचं. किती वळायचं आणि कधी, इथे खरी मेख आहे. आत्ताच, ६ मैलांवर असताना, ३० अंश वळलो तर सीपीए दीड मैलाच्या थोडा वर जातो. तेच वळण अंतर ३ मैल होईपर्यंत थांबून घेतलं तर पाऊण मैल मिळतो. दीड मैलापर्यंत थांबलो तर ०.४ मैलही नाही. आणि ६ मैलांवरच वळलो, पण फक्त ५ अंश? तर जेमतेम पाव मैल, आणि समोरच्या जहाजावरच्या अधिकाऱ्याला आपण वळलो हे रडारवर कळतही नाही. तो बिचकून स्वतः काहीतरी करतो आणि तिथून गोंधळ सुरू होतो. म्हणून नियम क्रमांक ८ स्पष्ट सांगतो की थोडं-थोडं वळत राहू नका. लवकर वळा आणि समोरच्याला दिसेल असं वळा.

हे सगळे आकडे जहाज क्षणात वळतं असं धरून काढलेत. प्रत्यक्षात तसं होत नाही. सुकाणू पूर्ण फिरवल्यावर जहाजानं मूळ दिशेत पुढे किती सरकावं याची आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं घातलेली मर्यादा आहे जहाजाच्या लांबीच्या साडेचार पट. इंजिन पूर्ण उलटं फिरवून थांबायला १५ पट लांबीपर्यंत मुभा आहे. ३०० मीटरचं कंटेनर जहाज घेतलं तर वळताना सव्वा किलोमीटरहून जास्त आणि थांबताना साडेचार किलोमीटरपर्यंत. त्यामुळे चांगली स्वयंचलित प्रणाली नुसती दिशा आणि वेग पाहत नाही. आज जहाजात माल किती, ते पाण्यात किती बुडालंय, खाली पाणी किती खोल, वारा कुठून, हे सगळं धरून ‘मी आत्ता सुकाणू फिरवलं तर तीन मिनिटांनी नेमका कुठे असेन’ याचं अनुमान ती सतत ताजं ठेवते. उथळ पाण्यात तेच जहाज आणखी रुंद वळतं. खोल समुद्रातल्या चाचणीचे आकडे बंदराच्या खाडीत वापरले तर हिशेब चुकतो.

नियम माणसांसाठी लिहिलेत

समुद्रातल्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ मध्ये लागू झाले. ते उत्तम आहेत. पण ते माणसाच्या अंदाजावर विसंबून लिहिलेत. ‘पुरेशा आधी’, ‘सुरक्षित वेग’, ‘सुरक्षित अंतर’, ‘चांगल्या दर्यावर्दीला शोभेल असं’ हे शब्द त्यात वारंवार येतात, आणि त्यापुढे आकडा कुठेच नाही. ही नियम करणाऱ्यांची हयगय नव्हे. मोकळ्या अरबी समुद्रात दोन मैल सीपीए ठेवणं शहाणपणाचं. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत तेवढं मागितलं तर जहाज पुढेच सरकणार नाही. संगणकाला मात्र कुठला तरी आकडा द्यावाच लागतो, आणि तो जागेप्रमाणे, गर्दीप्रमाणे, दृश्यमानतेप्रमाणे बदलावा लागतो.

सगळ्यात अवघड आहे नियम १७. ज्याला वाट मिळायची आहे त्या जहाजानं आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा. पण समोरचा वळत नाही असं दिसलं, तर त्याला स्वतः हालचाल करायची परवानगी आहे. आणि आता समोरच्यानं एकट्यानं काहीही केलं तरी टक्कर टळणार नाही अशी वेळ आली, तर हालचाल करणं बंधनकारक आहे. परवानगी कुठे संपते आणि बंधन कुठे सुरू होतं, ही रेघ नियमात आखलेली नाही. ब्रिजवरचा, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीतला, माणूस समोरच्याची चाल पाहून ती ठरवतो, वेळ पडली तर पाच आखूड भोंगे देऊन ‘तुझा इरादा काय?’ असं विचारतो. यंत्रानं फार लवकर हालचाल केली तर समोरचा नियमाप्रमाणे वळायला लागलेला असताना दोघं एकमेकांच्या वाटेत येतात. फार उशिरा केली तर वर पाहिलेलं ०.४ मैलांचं गणित समोर येतं.

शिवाय नियम दोन-दोन जहाजांच्या जोडीचा विचार करतात. तिसरं आलं की एकाला वाट द्यायला उजवीकडे वळावं तर दुसऱ्याच्या तोंडाशी जातो, असे पेच पडतात. म्हणून या प्रणालींची परीक्षा आधी संगणकावर हजारो बनावट प्रसंगांत घेतली जाते आणि मग पाण्यात. जपानमध्ये निप्पॉन फाउंडेशनच्या ‘मेगुरी २०४०’ प्रकल्पात २०२२ च्या सुरुवातीला ‘सुझाकू’ हे ९५ मीटरचं कंटेनर जहाज टोकियो उपसागरातून इसे उपसागरापर्यंत आणि परत असं सुमारे ७९० किलोमीटर चाललं, बहुतेक वेळ यंत्राच्या ताब्यात. टोकियो उपसागर जगातल्या गजबजलेल्या जलमार्गांपैकी आहे, म्हणून त्या चाचणीला वजन आहे. तरीही माणसं जहाजावर होती, आणि ती असायलाच हवी होती.

दिसलंच नाही, तर वळणार कुणासाठी?

गणित कितीही चोख असलं तरी ते दिसलेल्या जहाजांपुरतंच. मोठ्या जहाजाकडे आजूबाजूचं बघण्याची साधनं तीन: रडार, एआयएस आणि कॅमेरा. प्रत्येकाची खोट वेगळी आहे.

एआयएस म्हणजे जहाजानं स्वतःचं नाव, जागा, दिशा, वेग रेडिओवरून सांगत राहणं. मोठी जहाजं चालत असताना दर २ ते १० सेकंदांनी सांगतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात ३०० टनांवरच्या जहाजांना हे सक्तीचं आहे. पण एआयएस सांगतं ते समोरच्यानं सांगितलेलं. ‘नांगरलेलं’ की ‘चालू’ ही नोंद हातानं बदलायची असते, आणि ती बदलायची राहून जाते. जागा जीपीएसवरून येते, आणि जीपीएसला फसवता येतं. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळच्या अनेक जहाजांना आपण जमिनीवरच्या गेलेंजिक विमानतळावर आहोत असं उपकरणं दाखवत होती.

यंत्राला आपली जागा चुकली आहे हे कळतच नाही, हा धोका त्याहून जुना आहे. १० जून १९९५ रोजी ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला जाताना नॅनटकेट बेटाजवळच्या उथळ पाण्यात रुतलं. जीपीएसच्या अँटेनाची तार सुटली होती. उपग्रहाचा संकेत बंद होताच यंत्रानं नुसत्या दिशा आणि वेगावरून जागेचा अंदाज बांधायला सुरुवात केली, आणि पडद्यावर त्याची खूण होती फक्त दोन बारीक अक्षरांची. स्वयंचलित सुकाणू त्या अंदाजावर सुमारे ३४ तास जहाज चालवत राहिलं. रुतलं तेव्हा ते ठरल्या मार्गापासून १७ मैल दूर होतं. आज संशोधक म्हणतात की जागा किमान दोन स्वतंत्र मार्गांनी ताडली पाहिजे, म्हणजे रडारवर दिसणारा किनारा नकाशाशी जुळतो का, खोली मोजणाऱ्या यंत्राचा आकडा जुळतो का. ते या रुतण्यातूनच आलेलं शहाणपण आहे.

रडार स्वतः पाहतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. पण त्याला धातू आवडतो. फायबरची किंवा लाकडाची १० मीटरची होडी मोठ्या जहाजाच्या रडारनं शांत समुद्रात ३.४ मैलांवर पकडावी अशी आंतरराष्ट्रीय अपेक्षा आहे. पावसाळ्यातल्या लाटांत हे अंतर बरंच घटतं, कारण लाटाही परावर्तन देतात आणि होडी त्या ठिपक्यांत हरवते. ३ सेंटिमीटर लहरींचा रडार बारीक वस्तू चांगल्या दाखवतो पण जोरदार पावसात आंधळा होतो; १० सेंटिमीटरचा पावसातून पाहतो पण बारकावे गमावतो. म्हणून मोठ्या जहाजांवर दोन्ही ठेवतात.

उरला कॅमेरा. दिवसा आणि स्वच्छ हवेत तो उपयोगी. रात्री त्याला दिव्यांवरून ओळखायचं असतं. नियमाप्रमाणे ट्रॉलिंग करणाऱ्या, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या, बोटीनं पांढऱ्यावर हिरवा दिवा दाखवायचा, इतर प्रकारे मासेमारी करणारीनं पांढऱ्यावर लाल. पण डेकवर काम चालू असताना लावलेल्या प्रखर एलईडी दिव्यांच्या झोतात हे दोन्ही बुडून जातात. अनुभवी अधिकारी दुरूनच त्या पांढऱ्या लखलखाटाकडे पाहून ‘मासेमारी चालू आहे, जाळं असणार’ असं ताडतो. कॅमेऱ्याला ते वेगळं शिकवावं लागतं, आणि नॉर्वेच्या खाडीत काढलेल्या चित्रांवर शिकलेल्या प्रणालीला वसई-अर्नाळ्यासमोरची डोल-जाळ्याची बोट किंवा मालवणसमोरची पर्ससीन (माशांना वेढा घालणाऱ्या जाळ्याची) बोट ओळखता येईल असं धरून चालता येत नाही. पालघर ते वेंगुर्ला आणि खाली गोव्यापर्यंतच्या पट्ट्याबाहेरूनच आखाताकडची आणि गुजरातच्या बंदरांची जहाजं कोलंबोकडे जातात. १ ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की या पट्ट्यात हजारो बोटी उतरतात. हा जगातल्या कुठल्याही संशोधन केंद्रासाठी खडतर परीक्षेचा समुद्र आहे, आणि इथली चित्रं, इथल्या नोंदी गोळा व्हायला हव्यात असं आम्हाला कळकळीनं वाटतं.

कानही विसरून चालत नाही. नियम ५ सांगतो की पहारा डोळ्यांनी आणि कानांनीही ठेवायचा. धुक्यात चालणारं जहाज दोन मिनिटांच्या आत एकदा लांब भोंगा देतं. माणूस नसलेल्या जहाजाला तो ऐकायला आणि कुठून आला हे कळायला मायक्रोफोन लागतात, आणि ते स्वतःच्याच इंजिनाच्या आवाजातून.

इंजिनखोलीतला अडसर

बातम्यांत ब्रिजवरचे पडदे दिसतात. खलाशी नसलेलं जहाज लांबच्या प्रवासाला जात नाही याचं मोठं कारण मात्र पाच-सहा मजले खाली आहे.

मोठी जहाजं जड इंधन जाळतात. ते टाकीतून थेट इंजिनात जात नाही. आधी तापवून साचू द्यायचं, मग सुमारे ९८ अंशांवर प्युरिफायरमध्ये फिरवून पाणी आणि गाळ काढायचा, मग आणखी तापवून पातळ करायचं, गाळण्यांतून काढायचं आणि मग फवारायचं. यातली प्रत्येक पायरी कधी ना कधी तुंबते किंवा गळते, आणि ती मोकळी करायला पाना घेतलेला माणूस लागतो. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली. हवेसाठी तो निर्णय योग्यच होता. पण त्यासाठी बाजारात आलेली मिश्र इंधनं एकमेकांशी नेहमी जमत नाहीत. एका बंदरातलं इंधन दुसऱ्या बंदरातल्यावर ओतलं तर टाकीत चिकट गाळ तयार होऊन गाळण्या तुंबू शकतात. उत्सर्जनाचा नियम आणि सुरक्षा इथे एकाच नळीत भेटतात.

माणूस नसेल तर काय होतं हे ‘मेफ्लॉवर’ या छोट्या प्रायोगिक जहाजानं दाखवलं. ते इंग्लंडहून अमेरिकेला कुणीही नसताना निघालं होतं. २०२१ मध्ये जनरेटरच्या धुराच्या नळीचा लवचीक धातूचा जोड तुटला आणि ते परतलं. २०२२ मध्ये पुन्हा निघालं, तेव्हा जनरेटर सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या बिघाडामुळे आधी अझोर्सला वळावं लागलं आणि मग कॅनडातल्या हॅलिफॅक्सला. टक्कर टाळणाऱ्या संगणकानं नव्हे, जनरेटरभोवतीच्या किरकोळ भागांनी तो प्रवास रोखला. जहाजावर एक इंजिनिअर असता तर त्यानं बहुधा तिथल्या तिथे इलाज केला असता.

आणि मोठ्या जहाजावर? २६ मार्च २०२४ च्या पहाटे बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या ‘डाली’ या ३०० मीटर लांबीच्या कंटेनर जहाजाची वीज गेली, परत आली, पुन्हा गेली. वीज गेली की सुकाणूही हाताबाहेर जातं. जेमतेम चार मिनिटांत ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं, पूल कोसळला आणि पुलावर रस्त्याचं काम करणारे सहा कामगार मेले. अमेरिकी तपास यंत्रणेला पहिल्या अंधाराचं कारण सापडलं ते एका सैल तारेत. तारेवरच्या नावाच्या पट्टीमुळे तिचं टोक जोडणीत पूर्ण बसलंच नव्हतं. दुसऱ्यांदा वीज गेली, कारण जनरेटरांना इंधन पुरवायला असा पंप वापरात होता जो वीज परतल्यावर आपोआप सुरू होत नाही. जहाजावरचे खलाशी बहुतेक भारतीय होते. त्या चार मिनिटांत जहाजावरून धोक्याचा इशारा दिला गेला, त्यामुळे पोलिसांना पुलावरची वाहनं थांबवता आली. जहाजावर माणूस का हवा, याचा हिशेब मांडताना हे जमेला धरावंच लागतं. ‘बहुतेक अपघात माणसाच्या चुकीनं होतात’ हे वाक्य खरं असलं, तरी माणसानं टाळलेले अपघात कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.

म्हणूनच खलाशांविना चालवायची म्हणून बांधलेली पहिली मालवाहू जहाजं लहान आणि विजेवर चालणारी आहेत. विजेच्या मोटारीत फिरणारे भाग कमी, तापवायचं-गाळायचं काही नाही. नॉर्वेतलं ‘यारा बिर्कलँड’ ८० मीटरचं, १२० कंटेनरांचं, सुमारे ७ मेगावॉट-तास बॅटरीचं. ते २०२२ पासून खत कारखान्याचा माल जवळच्या बंदरात नेतं आणि वर्षाला सुमारे ४०,००० ट्रकफेऱ्या वाचवायच्या हे त्याचं उद्दिष्ट. ओस्लोच्या खाडीत मॉस ते हॉर्टन ट्रेलर नेणाऱ्या ‘मारित’ आणि ‘तेरेसे’ या दोन विजेच्या बोटी तर कोचीन शिपयार्डनं बांधून २०२२ मध्ये पाठवल्या. प्रत्येकीची लांबी ६७ मीटर, बॅटरी १,८४६ किलोवॉट-तासांची, एका फेरीत १६ ट्रेलर.

हीच जहाजं महासागर का ओलांडत नाहीत, हेही साध्या गुणाकारात आहे. एक टन जड इंधन चांगल्या इंजिनात जाळलं तर साडेपाच मेगावॉट-तासांच्या आसपास काम मिळतं. म्हणजे ‘यारा बिर्कलँड’ची पूर्ण बॅटरी म्हणजे सव्वा टन इंधन. दिवसाला ४० टन जाळणाऱ्या जहाजाला फक्त एका दिवसासाठी तशा ३० हून अधिक बॅटऱ्या लागतील.

वेग कमी, धूर कमी

मोठ्या जहाजांवर स्वयंचलन आज कामी येतं ते उत्सर्जन घटवायला, आणि तेही खलाशांसकट. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानानं वेगाच्या घनात वाढते. १५ नॉटला दिवसाला ४० टन जाळणारं जहाज धरा. वेग १० टक्क्यांनी उतरवून १३.५ केला तर दिवसाचा खप २९ टनांवर येतो. प्रवासाला वेळ जास्त लागतो हे धरूनही तेवढ्याच ३६० मैलांना ४० ऐवजी सुमारे ३२.४ टन लागतात: साडेसात टनांची बचत आणि, टनामागे सुमारे ३.१ टन धरून, २३ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड कमी. धावत येऊन बंदराबाहेर नांगर टाकून दोन दिवस थांबणारी जहाजं ही बचत रोज वाया घालवतात.

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे याच मापानं बघा. ३० अंश वळून १२ मिनिटं गेलो आणि तसंच परत मार्गावर आलो, तर जादा अंतर ०.८ मैल, जादा इंधन ९० किलोच्या आत. म्हणजे एक दिवस थोडं हळू चालण्यात जेवढं वाचतं, तेवढ्यात अशी ऐंशीहून जास्त वळणं बसतात. इंधन वाचवण्यासाठी सीपीए कापणारी प्रणाली कुणी विकत असेल तर ती घेऊ नये. बचत वेगात आहे, हवामान पाहून मार्ग निवडण्यात आहे आणि सुकाणूची उगीच होणारी चाळवाचाळव थांबवण्यात आहे. २०२२ मध्ये ‘प्रिझम करेज’ हा मोठा एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) वाहक टेक्सासहून कोरियाला गेला. त्यातला जवळपास अर्धा प्रवास, सुमारे १०,००० किलोमीटर, यंत्रानं मार्ग आणि वेग ठरवून केला. कंपनीनं इंधन-कार्यक्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं. पूर्ण चमू जहाजावरच होता.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटना स्वयंचलनाचे चार टप्पे मानते: मदतनीस यंत्र, खलाशांसह दूरनियंत्रण, खलाशांविना दूरनियंत्रण, आणि पूर्ण स्वयंचलित. त्यासाठीची संहिता आधी ऐच्छिक आणि मग १ जानेवारी २०३२ पासून बंधनकारक करायचं वेळापत्रक आखलंय. जहाजाचा जबाबदार कप्तान माणूसच असेल, मग तो किनाऱ्यावर का बसलेला असेना, हे त्यात कायम आहे. किनाऱ्याशी संपर्क तुटला तर काय, याचं उत्तर मोकळ्या समुद्रात सोपं आहे: वेग कमी करायचा, जागेवर थांबायचं. जेएनपीएच्या (न्हावा-शेवा बंदराच्या) अरुंद चॅनेलमध्ये, मागे-पुढे जहाजं असताना, थांबणंही धोक्याचं. तिथे ७ ऑगस्ट २०१० ला ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची दिवसाउजेडी टक्कर झाली, तेल अलिबाग-उरणपर्यंत पसरलं आणि पाण्यात पडलेल्या कंटेनरांमुळे बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प राहिली.

तोवर आपल्या नाखवा-तांडेलांना करता येण्यासारखं बरंच आहे. डोलकाठीवर, पाण्यापासून किमान ४ मीटर उंच, चांगला रडार रिफ्लेक्टर (रडारच्या लहरी परतवणारं साधन) घट्ट बांधला तर १० मीटरची तीच होडी ३.४ ऐवजी ५ मैलांवर दिसण्याची अपेक्षा धरता येते. १५ नॉटनी येणाऱ्या जहाजाला त्यामुळे साडेतेराऐवजी २० मिनिटं मिळतात. परवडत असेल तर लहान बोटींसाठीचा ‘बी’ वर्गाचा एआयएस बसवावा. सरकारी योजनेतून मिळणारा उपग्रह ट्रान्सपाँडर किनाऱ्याशी बोलायला चांगला आहे, पण तो एआयएसचं काम करत नाही. डेकचे झोत खाली वळवावेत, म्हणजे मासेमारीचे दोन दिवे वेगळे दिसतील. आणि जाळं बोटीपासून १५० मीटरपेक्षा लांब पसरलं असेल (ट्रॉलिंग वगळून), तर ज्या बाजूला जाळं आहे त्या बाजूला आणखी एक पांढरा दिवा लावावा. समोरून येणाऱ्या माणसाला किंवा कॅमेऱ्याला जाळं कुठे आहे हे रात्री सांगणारी तेवढीच एक खूण असते.